माणसं जेवायला गेलीत

आमच्या बोळात कुणाच्या घरी नवी वस्तू आली की मल्लय्या ती बघायला यायचा, आणि ती कधी मोडते याची वाट बघत राहायचा.

मी मंगळवार बाजारातून उवा काढायची फणी आणली होती. शिंगाची, दोन्ही अंगांनी बारीक दातांची. ती घेऊन मी दारात बसते न बसते तोवर मल्लय्या पुढं हजर. त्यानं माझ्या हातातून फणी घेतली, उजेडाला धरली, दातांवरून नख ओढलं आणि कान देऊन आवाज ऐकला.

"लई झ्याक हाय, अक्का. मोडली की मला."

"आजच आणलीय की."

"आज न्हाय म्हनत मी. मोडली की."

सगळ्यांना तो हेच म्हणायचा. छत्रीची काडी, सायकलचा आरा, पोरींच्या हातातल्या बांगड्या, पत्र्याची चाळणी. वस्तू धड दिसली की त्याचा चेहरा उतरायचा. एकदा आमचे मालक गिरणीतून दमून आले होते, ओट्यावर टेकले होते. मल्लय्या त्यांच्या नाकावरचा चष्मा निरखत उभा राहिला.

"काडी बारीक हाय. मोडली की मला."

मालक म्हणाले, "आन मीच मोडलो तर?"

मल्लय्यानं त्यांना डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. चेष्टा म्हणून नाही, खरोखर विचार करून. मग म्हणाला, "तुमी न्हाय लागत."

वयानं तो माझ्याहून बराच मोठा. तोंडावर मी त्याला तुम्ही म्हणायचे. लिहिताना म्हणत नाही, कारण बोळात कुणीच म्हणत नव्हतं.

भवानी पेठेत आमच्या दारासमोर त्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याचं छप्पर, मातीच्या भिंती आणि आत चार हातमाग. तिथं लुगडी निघायची. मल्लय्याचा आजा तेलंगणातून चालत सोलापुरात आला आणि त्यानं पहिला माग मांडला. घरात तेलुगू, बोळात मराठी, असं त्यांचं चालायचं. मी लग्न होऊन मोहोळकडच्या खेड्यातून इथं आले आणि थोड्याच दिवसांत त्या कारखान्यात कांड्या भरायला लागले. कांडी म्हणजे सुताची लहान गुंडाळी. बायका रहाटावर ती भरतात, विणकर ती धोट्यात बसवतो आणि धोटा ती घेऊन उभ्या धाग्यांतून इकडून तिकडं पळतो. माझी निम्मी जवानी त्या रहाटाशी गेली. वाईट गेली असं म्हणणार नाही. चांगली गेली असंही नाही.

बहात्तरच्या दुष्काळानंतर हातमागाचं काही खरं राहिलं नाही. मल्लय्याचा मुलगा अंबादास व्यवहारी. त्यानं विजेचे माग आणले, हातमाग लाकूडवाल्याला दिले, जमिनीतले खड्डे बुजवले आणि वर सिमेंट ओतलं. त्यात त्याची चूक नव्हती. घरात खाणारी तोंडं होती आणि हातमागाच्या लुगड्याला गिऱ्हाईक नव्हतं. मल्लय्यानंही अडवलं नाही. लाकडातला फक्त एका मागाचा एक खांब त्यानं धरून ठेवला. लाकूडवाल्यानं तिकडून ओढला, यानं इकडून ओढला. शेवटी लाकूडवाला म्हणाला, "असू दे म्हाताऱ्याला," आणि गाडी हाकली.

त्या एका खांबातून पुढं चार माग निघाले.

कारखान्याच्या कोपऱ्यात सूत ठेवायची एक खोली होती. मल्लय्या तिथं राहायला लागला. किराणावाल्याकडून चहाचं रिकामं खोकं आणलं, लक्ष्मव्वाच्या ट्रंकेवर आडवं ठेवलं, आणि त्यात आपला गेलेला कारखाना पुन्हा मांडायला घेतला. लक्ष्मव्वा त्याची बायको. ती दुष्काळाच्या सालीच वारली होती.

माप त्यानं स्वतःच ठरवलं. "हाताचं बोट," म्हणायचा. म्हणजे खऱ्या कारखान्यात जे एक हात होतं, ते खोक्यात एक बोट रुंदीचं करायचं. मग त्याला सगळं जगच बोटांत दिसायला लागलं. दार चार बोटं. रहाट दोन बोटं. आमचे मालक पावणेचार बोटं.

"आन मी?" मी विचारलं.

"तुमी साडेतीन."

साडेतीन हातांचा देह म्हणतात. तो त्यानं साडेतीन बोटांवर आणून ठेवला.

मोडकं सामान तो कशाला मागायचा ते आता बोळाला कळलं. तान्ह्या पोरीच्या बांगडीचं रहाटाचं चाक झालं. छत्रीच्या काडीचा त्याला आस झाला. केरसुणीच्या काड्यांच्या कांड्या झाल्या. तुपाच्या डब्याचा पत्रा ठोकून ठोकून छप्पर झालं. रिठा कोरून पाण्याचा रांजण झाला. काडेपेटीवरच्या चित्राची भिंतीवरची तसबीर झाली. धोट्यासाठी खजुराची बी. ती लांबट असते, दोन्ही टोकांना निमुळती, मधोमध चीर. देवानं ती धोट्याचा नमुना म्हणूनच केली असं मल्लय्याचं ठाम म्हणणं होतं. रमजानात तो पलीकडच्या गल्लीत जाऊन दारादारांत उभा राहायचा. लोक भले, ते मूठभर खजूर पुढं करायचे.

"खाव ना, चाचा."

"तुम खाव," हा म्हणायचा. "गुठली मेरेकू."

आणि समोरचा खजूर खाऊन बी देईपर्यंत त्याच्या तोंडाकडं बघत बसायचा.

माझ्या फणीवर मात्र त्याचा जीव अडकला होता. मागाला एक मोठी फणी असते, तिच्या दातांतून उभे धागे जातात. तेवढी बारीक फणी त्याला करता येईना. माझ्या दारावरून जाताना तो रोज माझ्या डोक्याकडं बघायचा. शेवटी मला लाज वाटायला लागली. लोकांना वाटायचं, म्हातारा हिच्या उवा मोजतोय. मी फणी नेऊन त्याच्या पुढं टाकली.

"घ्या एकदाची."

त्यानं हात मागं घेतला. "मोडली कुटं? धड हाय की."

"असू द्या धड."

"धड मी घेत न्हाय, अक्का. कुनाच्या घरातलं धड उचलायची आमच्यात रीत न्हाय."

मग मी फणी उंबऱ्यावर आपटली. कडेचे दोन दात उडाले. मल्लय्यानं ती उचलून बघितली, समाधानानं मान हलवली. "कडंचे गेले. मदले न्हाय मोडले ते बरं केलं," म्हणाला आणि फणी कमरेला खोचून गेला. मी महिनाभर शेजारणीची फणी वापरली.

बोळ हसायचा. मल्लय्याची भातुकली म्हणायचा. एक बाई त्याच्या तोंडावर म्हणाली, "नातवंडांनी खेळायचं तर आजाच खेळतोय की!"

"खेळत न्हाय," मल्लय्या म्हणाला. "कारखाना हाय."

"मग मानसं कुटायत?"

"जेवाय गेलीत."

"कवा येनार?"

"जेवन झालं की."

ही मोठी गंमत झाली. कुणाच्या दाराला कुलूप दिसलं की बोळातलं कुणीही म्हणायचं, "जेवाय गेलीत." बिल देणारा कारकून गायब असला, नळाला पाणी नसलं, तरी तेच. मल्लय्यालाही दर चार दिवसांनी कुणीतरी मुद्दाम विचारायचं. तो प्रत्येक वेळी पहिल्यांदा विचारल्यासारखं उत्तर द्यायचा. हसायचा नाही.

खोक्यातला कारखाना बरोबर झाला की नाही, हे तपासायला तो मला बोलवायचा. कारण मी तिथं काम केलेलं, आणि चुकलेलं दिसलं की मी बोलते. माझ्या तोंडाला कुलूप नाही, हे मालकांनी मला जन्मभर ऐकवलं. मल्लय्याला तसंच माणूस पाहिजे होतं.

"या की, अक्का. काय चुकलं सांगा."

मी खोक्यापुढं मांडी घालून बसायचे. विजेचे माग पलीकडं धडधडायचे, त्यामुळं ओरडून बोलावं लागायचं. "कांड्यांची टोपली डाव्या हाताला हुती!" "खिडकीला एक गज कमी हुता!" तो लगेच गज काढायचा.

तीन माग उभे राहिले तेव्हा त्यानं मला असंच बोलावलं. काम बघून मला चूक काढायला काही सापडेना. धोटा, फणी, सुताच्या दोऱ्या, सगळं जागच्या जागी. तरी काहीतरी खटकत होतं. बऱ्याच वेळानं कळलं.

"मल्लय्या, ह्यो इनकर पाय कुटं सोडनार?"

आमचे माग खड्ड्याचे होते. जमिनीत खड्डा, त्याच्या काठावर विणकरानं बसायचं, पाय खाली सोडायचे आणि खालच्या पावड्या दाबायच्या. खोक्याचा तळ तर सपाट. जन्मभर खड्ड्यात बसलेला माणूस खड्डाच विसरला होता. मला हसू आवरेना.

मल्लय्या हसला नाही. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मला त्यो कदी दिसलाच न्हाय, अक्का. मी आतच हुतो की."

पुढं काही दिवस त्यानं खोलीचं दार उघडलं नाही. उघडलं तेव्हा तिन्ही माग काढलेले होते, खोक्यात वर दुसरी फळी बसवलेली होती आणि तिला चार चौकोनी भोकं होती. भोकांच्या कडा मातीनं लिंपलेल्या. विजेच्या एका मागाचा पाया हलायला लागला म्हणून गवंड्यानं सिमेंट फोडलं होतं, तेव्हा खालची ओंजळभर माती यानं उचलली होती. "हितलीच पायजे," म्हणाला. "दुसऱ्या मातीत आमचा पाय बसत न्हाय."

आणखी एक भांडण झालं ते रांजणाचं. त्यानं रिठ्याचा रांजण चौथ्या मागाच्या अगदी शेजारी मांडला होता, हात लांब केला की पाणी लागेल असा. चौथा माग अजून तयार नव्हता, नुसती जागा होती. मी म्हटलं, "रांजन हितं नव्हता. दाराजवळ हुता."

"हितंच हुता."

"हितं कसा असंल? सुतावर पानी उडंल. दाराजवळ हुता. इतकी वर्सं मी त्याचं पानी पेलेय, मला सांगता व्हय?"

"हितंच हुता म्हनतोय न्हवं मी!"

"मग मला कशाला बोलावता काय चुकलं म्हनून? ठेवा तुमच्या मनाला यील तिथं."

त्यानं रांजण उचलला आणि दाराजवळ ठेवला. ठेवला कसला, आपटला. मला वाटलं, म्हातारपणी माणूस हेकट होतो. मी बरोबर होते. रांजण दाराजवळच होता.

गड्ड्याची जत्रा आली. अंबादास बापासाठी तिथून दोन बाहुल्या घेऊन आला. एक धोतराचा बाप्या, एक लुगड्याची बाई. रंगीत, मातीच्या. पोराचा हेतू चांगला होता. मी तिथं बसलेच होते.

"नायना, घ्या," तो म्हणाला. "मानसं आनली तुमच्या कारखान्याला."

मल्लय्यानं बाप्याला बोटं लावून मोजलं. "नऊ बोटं हाय ह्यो. ह्यो उटून हुबा ऱ्हायला तर छप्पर डोक्यावर घिऊन जाईल."

"मोजून कुटं मिळत्यात बावल्या, नायना? लोक इचारत्यात मला, रिकामा कारखाना कशाला मांडलाय तुज्या बापानं म्हनून."

"रिकामा न्हाय. मानसं जेवाय गेलीत."

अंबादासचं तोंड पडलं. बाहेर जाताना तो मला म्हणाला, "मावशी, आई गेल्यापास्नं माज्याशी हेवढंच बोलत्यात बगा. आमी सगळी हितं, आन ह्येंची मानसं जेवाय गेलीत."

दुसऱ्या दिवशी बघते तर मल्लय्यानं त्या दोन्ही बाहुल्या खोक्याच्या बाहेर, ट्रंकेच्या कडेला मांडल्या होत्या. तोंडं आतल्या बाजूला.

"ह्यांना काय केलं?"

"गिऱ्हाईक हायती. बसा म्हनलं. मालकीन आली की भेटंल."

आता लक्ष्मव्वाचं सांगते.

लक्ष्मव्वा कारखान्यात सांधणी करायची. मागावरचं लुगडं संपत आलं की जुने उभे धागे पुरते काढत नाहीत. त्यांची शेपटं फणीत तशीच ठेवतात आणि नव्या ताण्याचा, म्हणजे मागावर चढवायच्या नव्या उभ्या सुताचा, एक एक धागा त्या एका एका शेपटाला पीळ देऊन जोडतात. असे हजारावर धागे. बोटांना चुलीतली राख लावायची, म्हणजे पीळ धरतो. त्यामुळं माग कधी रिकामा होत नाही. मल्लय्याच्या आज्यानं पहिल्यांदा जे सूत मागावर चढवलं, त्यालाच जोडत जोडत पुढचं सगळं सूत आलेलं. तो म्हणायचा, "आमचा धागा अजून तुटलेला न्हाय."

मला सांधणी तिनंच शिकवली. तिला मराठी थोडं यायचं, मला तेलुगू अजिबात नाही. ती मला समोर बसवायची आणि बोटं दाखवायची. ती डावरी होती. मी समोर बसून आरशात बघितल्यासारखं शिकले, म्हणून माझा हात उजवा पडला. तिचा पीळ डावीकडं निजायचा, माझा उजवीकडं. बाकी हात तोच. 

त्यांच्या घरात एक रीत होती. एका ताण्याला एकच हात. जिनं सांधायला घेतलं तिनंच शेवटचा धागा लावायचा. मधेच दुसरीनं हात घातला तर अर्धं लुगडं ताठ आणि अर्धं सैल येतं म्हणायचे. येतं की नाही मला ठाऊक नाही. कुणी कधी करूनच बघितलं नव्हतं.

दुष्काळाच्या साली, उन्हाळ्यात, ती चौथ्या मागावर सांधत होती. निम्मं झालं होतं. दुपार झाली. "तिनि वस्ता," म्हणाली. जेवून येते. रोज हेच म्हणायची. उठली, राखेचे हात धुवायला दाराजवळच्या रांजणापाशी गेली, तांब्या बुडवला आणि तिथंच खाली बसली. बसली ती गेलीच. मी रहाट सोडून धावले. मल्लय्या पलीकडच्या मागावर होता. खड्ड्यातून माणसाला चटकन वर येता येत नाही, पाय पावड्यांत असतात. तो येईपर्यंत मी तिचं डोकं मांडीवर घेतलेलं होतं. तिच्या बोटांची राख तशीच होती.

तो ताणा पुढं कुणी जोडला नाही. चौथा माग तसाच अर्धवट उभा राहिला. माग लाकडात निघाले तेव्हा मल्लय्यानं तिचं काम जिथं थांबलं होतं तेवढाच पट्टा सोडवून घेतला, फडक्यात गुंडाळला आणि खोलीतल्या खुंटीला टांगला.

खोक्यातला चौथा माग बांधून झाला तेव्हा त्यानं ते फडकं सोडलं. त्या पट्ट्याचा बरोबर मधला, दोन बोटं रुंदीचा भाग घेतला. अर्धे धागे तिनं सांधलेले, अर्धे तसेच सुटे. ते एक एक करून माझ्या मोडक्या फणीच्या दातांत बसवायला घेतले. तोवर त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. दवाखान्यातल्या डॉक्टरनं सांगितलं, ऑपरेशन करून घ्या, उशीर केला तर हातचे जातील. अंबादासनं हात जोडले. मीही तोंड सोडलं.

"आंदळं व्हायचंय का?"

"माग पुरा झाल्याबगर मी उटनार न्हाय, अक्का. मी तितं पट्टी बांधून पडलो, आन हितं कुनी धागं हलवलं तर?"

त्याची सगळी घालमेल एवढीच होती. डोळे जायच्या आत तो एक माग पुरा करायचा. धागे फणीत बसले. आणि डोळे गेले. पुरते नाही, पण उजेड आणि अंधार एवढंच राहिलं. सुटे धागे सुटेच राहिले.

मग एका दुपारी तो भिंत धरत धरत बोळ ओलांडून माझ्या दारात आला. यावेळी कशाची काडी बघायला नाही. बघता येतच नव्हतं.

"अक्का, चुलीत राख हाय का?"

"भांडी घासायला पायजे का?"

"न्हाय. सांदायला."

मी समजले. म्हटलं, "तुमच्यात रीत न्हाय. एका तान्याला एकच हात."

"तुमचा हात तिचाच की."

"माजा उजवा हाय. पीळ उलटा येनार."

"यिऊ द्या," तो म्हणाला. "उलटा, पन तिचाच."

मी वाटीत राख घेतली आणि त्याच्यामागं गेले. नेमकी लाइट गेली होती. विजेचे माग बंद पडलेले, कामगार चहाला बाहेर गेलेले. त्या कारखान्यात इतकी शांतता मी हातमाग होते तेव्हाच ऐकली होती. खोक्यापुढं बसले. चष्मा पुसला. बोटांना राख लावली. लक्ष्मव्वाचा शेवटचा सांधा कुठला ते लगेच दिसलं. त्याच्या पलीकडचा धागा उचलला.

जुना हात बोटांत राहतो म्हणतात. खोटं आहे. पहिले सगळे धागे माझ्या बोटांतून निसटले. मी वैतागून दोनदा उठणार होते. मल्लय्या ट्रंकेला टेकून बसला होता. मग एक धागा धरला, दुसरा धरला. पुढं जमत गेलं. काम झालं तेव्हा उन्हं दारातून आत आली होती.

"झालं," मी म्हटलं.

तो पुढं सरकला. धाग्यांवरून बोट फिरवायला लागला, डावीकडून, अगदी हलकं, तान्ह्या पोराच्या पापण्यांवरून फिरवावं तसं. मधोमध येऊन बोट थांबलं.

"हितनं तुमी," म्हणाला.

मग बोट परत डावीकडं नेलं आणि तिथंच ठेवलं.

माझे पाय आखडले होते. हात राखेनं माखलेले. मी म्हटलं, "हात धुवून येते," आणि उठायला लागले.

"उटू नका." तो एवढ्या जोरानं म्हणाला की मी दचकले. "बसा, अक्का. बसा तितंच."

तो उठला. भिंत चाचपत दाराकडं गेला. तिथं अजून रांजण होता, अंबादासनं कामगारांसाठी ठेवलेला. पाण्यात तांब्या बुडल्याचा आवाज आला. मग भरलेला तांब्या दोन्ही हातांत धरून, पायानं जमीन चाचपत, तो त्या सगळ्या बंद मागांच्या मधून परत आला. माझ्यापुढं खाली बसला.

"धरा हात."

मी धरले. त्यानं अंदाजानं पाणी ओतलं. थोडं हातांवर पडलं, बाकीचं माझ्या लुगड्यावर. राखेचा ओघळ सिमेंटवरून ट्रंकेखाली गेला.

हात धुऊन झाल्यावर मी पुन्हा एकदा खोक्यात बघितलं, काय चुकलं ते बघायची सवय म्हणून. चार माग, चार खड्डे, रहाट, टोपली, तसबीर. रिठ्याचा रांजण दाराजवळ नव्हता. कधीतरी त्यानं तो हातानं चाचपून परत चौथ्या मागाला खेटून ठेवला होता, बसल्या जागेवरून हात लांब केला की पाणी लागेल असा.

रांजण चुकीच्या जागी होता. मी काही बोलले नाही.